तुमचे प्रश्न: शाळा फ्रेंच, पाटी फ्रेंच, मग हक्क गेले कुठे?

प्रश्न: ताई, आम्ही मूळचे नाशिकचे. दोन वर्षं कॅनडातच मिसिसागाला होतो, आता नवऱ्याच्या जॉबमुळे मॉन्ट्रियलला आलोय, सगळ्यांचं पीआर (कायमचं वास्तव्य, नागरिकत्व नाही) आहे. मुलगी तिकडे इंग्रजी शाळेत जायची, इथे म्हणतात फ्रेंच शाळेतच घाला. कॅनडा दोन भाषांचा देश ना? एक ओळखीचे म्हणाले, इथलं क्युबेक प्रांताचं सरकार "नॉटविथस्टँडिंग" कलम लावून राज्यघटनाच बाजूला ठेवतं. खरंय का?

उत्तर: अर्धं खरंय, पण तुमच्या लेकीच्या शाळेचा त्या कलमाशी काही संबंध नाही. दोन भाषा आहेत त्या केंद्र सरकारच्या, क्युबेकची अधिकृत भाषा एकटी फ्रेंच. 1977 च्या बिल 101 पासून, म्हणजे क्युबेकच्या फ्रेंच भाषेच्या कायद्यापासून, बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत जातात. घटनेतलं कलम 23 इंग्रजी शाळेची वाट देतं खरं, म्हणजे मूल कॅनडातच इंग्रजीतून शिकत असेल तर, पण ती फक्त नागरिकांना, पीआरवाल्यांना नाही. नागरिक असतात तरी एखाद्या वर्षावर भागत नाही, मुलाचं एकूण शिक्षण बघतात. सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळेत घालता येतं, पण फी विचारून मग खुर्चीत बसा! तिला फ्रेंच शाळेच्या स्वागतवर्गात (नव्याने आलेल्या मुलांना आधी फ्रेंच शिकवतात तो) घाला, मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

आता ते नॉटविथस्टँडिंग. आपल्या भाषेत "काहीही असलं तरी" कलम, नंबर 33, कॅनडाच्या घटनेतल्याच 1982 च्या हक्कांच्या सनदेतलं. संसद किंवा प्रांताची विधानसभा कायद्यात एक ओळ टाकते की सनदेत काहीही असलं तरी हा कायदा चालणार, आणि मग अभिव्यक्ती, धर्म, समानता असे हक्क आड येत नाहीत. मुदत 5 वर्षं, नंतर परत लावायचं, म्हणजे मध्ये एकदा तरी निवडणूक येतेच. गंमत म्हणजे मतदानाचा हक्क आणि खुद्द भाषेचे हक्क (कलम 16 ते 23) या ओळीला हातच लावू देत नाहीत. तुमचं कलम 23 त्यातलंच.

मग भांडण कशावरून पेटलं? दुकानाच्या पाट्यांवरून. डिसेंबर 1988 मध्ये कॅनडाचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, बिल 101 मधली फक्त फ्रेंच पाटीची सक्ती अभिव्यक्तीच्या हक्काविरुद्ध आहे, फ्रेंच ठळक ठेवा म्हणणं मात्र चालू शकेल. क्युबेकच्या तेव्हाच्या बुरासा सरकारने त्याच महिन्यात "काहीही असलं तरी" लावून बाहेरच्या पाट्या फ्रेंचच ठेवल्या, तर मंत्रिमंडळातल्या तीन इंग्रजीभाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही हे चूक ठरवलं, आणि त्याच वर्षी कायदा बदलून कोर्टाचाच तोडगा घेतला गेला, फ्रेंच मोठं, बाकी भाषा चालतील. (त्यातूनही 2013 मध्ये एका इटालियन हॉटेलच्या मेन्यूवरच्या "पास्ता" शब्दावर इन्स्पेक्टरने बोट ठेवलं, जगभर हसं झालं. आणि फ्रान्समध्येही चौकात "स्टॉप" लिहितात, तुमच्याकडे मात्र "आरे", म्हणजे फ्रेंचमध्ये "थांबा".)

मला स्वतःला 1988 पेक्षा 2022 जास्त खटकतं. तेव्हा निदान कोर्टाचा निकाल ऐकून मग उत्तर दिलं, फ्रेंचचे नियम आणखी कडक करणाऱ्या 2022 च्या बिल 96 मध्ये मात्र कोणी कोर्टात जायच्या आधीच सगळ्या कायद्याला ती ओळ चिकटवली. म्हणजे कोर्टासमोर हा निर्बंध रास्त का, हे सरकारने सिद्ध करायचं असतं, ते टाळलंच. फ्रेंच टिकावी ही भीती खोटी नाही हो, चहूकडे इंग्रजीचा समुद्र आहे, पण भीती खरी असेल तर ती कोर्टात सांगायला काय हरकत होती?

प्रश्न: मग आपल्याकडच्या मराठी पाट्यांचं काय? तेही तसंच ना? (दादर)

उत्तर: नाही. आपल्या घटनेत असं कलमच नाही. 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने व्यापाऱ्यांची याचिका फेटाळली ती नेहमीच्या वाटेने, कारण मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत एवढंच म्हटलंय, दुसऱ्या भाषेला बंदी नाही. तुमच्या गल्लीतल्या दुकानावर इंग्रजी नाव खुशाल असू दे, मराठी निदान तेवढं मोठं हवं.