मुंबईत लागायचं ते दही नाशिकच्या थंडीत का लागत नाही?

मुंबईहून बदली होऊन आलात, डिसेंबरपासून दही लागेना, म्हणून विरजण एका चमच्यावरून चारावर नेलंत. तरी सकाळी एकतर दूधच, नाहीतर आंबटढाण, तार येणारं दही. असं लिहिलंय तुम्ही. आधी ते चार चमचे बंद करा. विरजण कमी पडत नाहीये, ऊब कमी पडतेय.

इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरणं नवं नाही. तिकडे निफाडला थंडीने द्राक्षं तडकू नयेत म्हणून बागांत रात्री शेकोट्या पेटवतात, आणि आपण दुधाचं पातेलं ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर ठेवून झोपतो! मुंबईत ते खपून जायचं, तिथलं स्वयंपाकघर रात्रीही उबदार असतं.

विरजणातले जिवाणू साधारण ३० ते ४२ अंशांत जोमाने वाढतात. ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि आंबटपणा पुरेसा वाढला (सामू, म्हणजे pH, ४.६ च्या आसपास) की दुधातलं केसीन हे मुख्य प्रथिन गोठतं. दूध गार पडलं की सगळं रेंगाळतं. अशा वेळी विरजण वाढवलं तर कालच्या दह्याचा आंबटपणा तेवढा वाढतो.

मी अर्धा लिटर म्हशीचं दूध घेते. उकळी आली की गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं ढवळत राहते. याचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण कवडी पडते ती यानेच. दूध असं तापलं की त्यातली बाकीची प्रथिनंही केसीनला चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात, नाहीतर चमचा घातला की दह्याला पाणी सुटतं. मग निवायला ठेवून करंगळी बुडवायची. चटका बसला तर थांबा, साठ अंशांच्या पुढे विरजण घातलं तर ते मेलंच समजा. दहा आकडे मोजेपर्यंत बोट आत ठेवता आलं आणि ऊब छान जाणवली की थंडीपुरतं झालं. उन्हाळ्यात याहून बरंच निवू देते.

विरजण चहाचा एक चमचा. ते भांड्यात आधी फेटून घ्यायचं, त्यात थोडं दूध कालवायचं, मग उरलेलं ओतायचं. दरम्यान कुकरमध्ये पेलाभर पाणी गरम करून फेकून द्यायचं, त्या कोमट कुकरात दह्याचं भांडं, वर झाकण, आणि सगळ्यावर जुनी शाल. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून कुकर चांगलाच तापवला होता. सकाळी हिरवट पाण्यात चोथा तरंगत होता. घरच्यांना थालीपीठं मिळाली, कशाची ते मी सांगितलं नाही. (ते हिरवट पाणी टाकू नका हं, कणकेत घाला. तो रंग ब जीवनसत्त्वाचा असतो.) आणि रात्री उठून भांडं हलवून बघायचं नाही, हा मोह आमच्याकडे यजमानांना फार.

तार येते त्याला मात्र कुकर-शाल पुरेशी नाही. काही जिवाणू चिकट धागे तयार करतात, आणि गारव्यात हळूहळू लागणाऱ्या दह्यात त्यांचं फावतं. त्याच दह्याचं विरजण घालत राहिलात तर तार रोजचीच. विरजण बदला. शेजारी मागा, पण दिवेलागणीच्या आत. सिडकोतल्या आमच्या शेजारच्या काकू तिन्हीसांजेनंतर विरजण देत नाहीत, दुपारी गेलं तर वाटी भरून देतात. कुणीच ओळखीचं नसेल तर सुक्या लाल मिरचीची पाच-सहा देठं कोमट दुधात टाका. पहिलं दही खाण्यासारखं होत नाही, ते विरजण म्हणून वापरायचं, दुसऱ्या खेपेचं बरं लागतं.

आठ-दहा तासांत दही लागेल. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि उद्याचा चमचा त्याच वेळी वेगळ्या वाटीत काढून ठेवा. आमच्याकडे रविवारी मिसळ असली की ती वाटीही कुणीतरी चाटूनपुसून ठेवतं, आणि सोमवारी मी दुपारीच काकूंच्या दारात.