जुनी मंदिरं आणि किल्ले टिपायला अल्ट्रा वाइड लेन्स घ्यावी का? (उत्तर)

तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्याजवळ राहता, कॅननची क्रॉप बॉडी (म्हणजे लहान सेन्सरचा, फोटो टिपणाऱ्या लहान चिपचा कॅमेरा) आणि सोबत आलेली किटची १८-५५ लेन्स आहे, खानदेशातली जुनी मंदिरं, गढ्या, मकबरे टिपायचे आहेत, तर कॅननची १०-१८ घेऊ की थोडं थांबून टोकिना कंपनीची ११-१६. (हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे, एमएममध्ये; आकडा जितका लहान तितकं जास्त दृश्य मावतं, म्हणजे लेन्स वाइड.) पुढे तुम्ही लिहिलंय, "म्हणजे अख्खं मंदिर एका फोटोत मावेल." हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. कारण नेमक्या याच वाक्यावरून माझं आणि माझ्या साडूचं वाजलेलं आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

साडू लग्नाचे फोटो काढतो, हात चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. तालुक्याच्या गावी वारसा या विषयावर छायाचित्र स्पर्धा होती. आम्ही दोघांनी बळसाण्याच्या मंदिराचे फोटो दिले. साक्री तालुक्यातलं बळसाणे, बुराई नदीकाठचं. गेला नसाल तर लेन्सच्या आधी तिथे जा. साडूने काय केलं, मंडपात अगदी पहिल्या खांबाला खेटून खाली बसला, दहा एमएम लावली आणि कॅमेरा वर केला. फोटोत तो खांब आभाळाएवढा, त्यावरचं कोरीवकाम अंगावर येणारं, आणि मागे गाभाऱ्याचं दार टपालाच्या तिकिटाएवढं. पहिलं बक्षीस. माझा फोटो दूर उभं राहून, कॅमेरा लेव्हल करून, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला. परीक्षक म्हणाले, "छान आहे, पण इम्पॅक्ट नाही."

बक्षिसाचं मला काही नाही. (बायको म्हणते आहे. असो.) खरी गंमत पुढे झाली. प्रदर्शन बघायला बळसाण्याकडचे एक आजोबा आले होते, पांढरी टोपी, हातात पिशवी. साडूच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले, खालची चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि मला विचारलं, "भाऊ, आमना मंडप इतला मोठा शे का?" मी म्हटलं, नाही बाबा, तेवढा नाही. साडू शेजारीच होता. म्हणाला, "फोटो आहे हा, तलाठ्याचा नकाशा नाही." तेव्हापासून घरात लग्न असो की तेरावं, जेवणं झाली की हा विषय निघतोच.

आता यातलं तंत्र ऐका, म्हणजे साडू कुठे चुकतो ते कळेल. वाइड लेन्स खोटं बोलते असं सगळे म्हणतात. लेन्स काही करत नाही, करतात ते तुमचे पाय. एक खांब तुमच्यापासून एक मीटरवर आणि तसाच दुसरा चार मीटरवर असेल, तर पहिला फोटोत चौपट उंच दिसणार, लेन्स कुठलीही लावा. तुम्ही नऊ मीटर मागे गेलात की अंतरं होतात दहा आणि तेरा, आणि पहिला खांब दुसऱ्याच्या सव्वापटीहून किंचितच मोठा दिसतो. वाइडचा गुन्हा इतकाच की ती तुम्हाला एक मीटरवर जाऊ देते. म्हणून "मावत नाही" असं वाटलं की आधी मागे सरका. बळसाण्याला मागे सरकायला जागा आहे. थाळनेरच्या फारुकी (खानदेशच्या सुलतानांच्या) मकबऱ्यांना आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवलाही आहे. तिथे तुमची १८-५५ पुरते, आणि घुमटाचं खालच्या भिंतीशी असलेलं प्रमाण जसंच्या तसं राहतं.

जागा नाही तिथे गोष्ट वेगळी. पारोळ्याचा भुईकोट १७२७चा, पण आज तो भर गावात आहे. मागे सरकलात तर दुकानात शिराल. मंदिराच्या अंतराळात (मंडप आणि गाभारा यांमधल्या अरुंद जागेत), बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातल्या हमामात म्हणजे स्नानगृहात, कुठल्याही पायऱ्यांच्या विहिरीत वाइडशिवाय गत्यंतर नाही. तिथे घ्या, खुशाल घ्या.

दुसरं, कॅमेरा वर करणं. सेन्सर मागे कलला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींना भेटायला धावतात, आणि लेन्स जितकी वाइड तितकी धाव जास्त. फरकांड्याचा झुलता मनोरा असा काढाल तर बघणाऱ्याला वाटेल झुलून झुलून आता पडतोच आहे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, पण वरचा भाग ताणला जातो, पिक्सेल फुटतात, शिवाय दोन्ही बाजू कापल्या जातात. यावर जुनाच उपाय आहे. हेन्री कझिन्ससारख्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांच्या काळात प्लेट कॅमेरे होते. त्यांत कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता यायची. आजच्या शिफ्ट लेन्स म्हणजे तेच, कॅननची १७ एमएमची टीएस-ई २००९ साली आली. किंमत बघू नका, झोप उडेल.

पण गरिबाची शिफ्ट लेन्स तुमच्या १०-१८मध्येच आहे. कॅमेरा उभा धरा, अगदी लेव्हलमध्ये ठेवा, अजिबात वर करू नका. क्षितिज बरोबर मधोमध येईल, खालच्या अर्ध्यात बहुतेक जमीनच. ती जमीन कापून टाका. २४ मेगापिक्सेलचे १३-१४ उरतात, भिंती मात्र ओळंब्यात. माझ्या मते अल्ट्रा वाइडचा वास्तूसाठी सगळ्यात प्रामाणिक उपयोग हाच. साडूला हे करून दाखवलं तर म्हणाला, "कापायचंच होतं तर एवढी वाइड घेतली कशाला?" आता याला काय सांगणार?

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक प्रयोग जरूर करा. (आज ते मध्य प्रदेशात, पण खानदेशाची गादी तिथेच होती.) दर्शनी भिंतीला पंधरा कमानी एका रांगेत, दोन्ही टोकांना मनोरे. अंगणात मधोमध उभे राहा आणि सेन्सर भिंतीला अगदी समांतर धरा. पंधराच्या पंधरा कमानी सारख्या रुंदीच्या येतील, टोकाच्यासुद्धा, कारण सपाट पृष्ठभाग समांतर असला की वाइड लेन्स त्याचं प्रमाण बिघडवत नाही. टोकाचे गोल मनोरे मात्र फुगून जाड दिसतील. तेव्हा गोल वस्तू, मूर्ती, माणसं कडेला ठेवू नका, सपाट भिंत बिनधास्त ठेवा. हे कळलं असतं तर साडूने त्या फोटोत कोपऱ्यातल्या पोराचं डोकं पपईसारखं लांबू दिलं नसतं. परीक्षकांना तेही दिसलं नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. १०-१८ घ्या. तिला हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर आहे, टोकिनाला नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणजे अंधाऱ्या मंडपात कॅमेरा हातातच. आणि समोरच्या खांबापासून गाभाऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) थोडं लहानच करावं लागतं, मग टोकिनाचं एफ/२.८चं मोठं छिद्र कशाला? लळिंगच्या किल्ल्यावरून रात्री तारे काढायचे असतील तर टोकिना, तिथे ती खरंच भारी. बाहेर पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) लावू नका, आभाळ एका बाजूला गडद निळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं.

आणि हो, नाट्यमय फोटो काढूच नये असं माझं म्हणणं नाही. पोस्टरसाठी काढा, मीही काढतो. फक्त वारसा म्हणून, नोंद म्हणून देणार असाल तर एक सरळ फोटो सोबत द्या.

लेन्स सेकंड हँड मिळत असेल तर पैसे देण्याआधी विटांच्या भिंतीसमोर अगदी समांतर धरून एक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एक कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा मऊ, म्हणजे धूसर दिसला तर आतली काच सरकलेली आहे. ती घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी.