पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी होतो. हीच सेवा वर्षभर प्रत्यक्षात कशी करता येईल?

तुमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा तरुण मुलांनी विचारलं, की ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी हे वर्षभर का करू नये? ते कसं करावं, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर असं, की करावं, आणि पायांपासूनच करावं. कपडेवाटप किंवा किराण्याची पाकिटं यांपेक्षा हे अवघड आहे, आणि फार थोडे जण करतात.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय नीट वाचला तर क्रम दिसतो. येशू जेवणावरून उठतो, वरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो, पाय धुतो आणि त्याच रुमालाने पुसतो. त्या काळी धुळीची वाट तुडवून आलेल्याचे पाय धुणं हे घरच्या नोकराचं काम होतं. आपल्याकडेही पाहुणा आला की उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवायची रीत होतीच. विधीसाठी निवडलेले बारा जण मात्र घरूनच पाय स्वच्छ करून येतात. गावात ज्यांचे पाय कुणीच बघत नाही ते वेगळे: मधुमेहाचे जुने रोगी, कुष्ठरोगातून बरे झालेले, आणि वाकता न येणारे एकटे म्हातारे.

पाय का, हेही सांगतो. पॉल ब्रँड हे शल्यविशारद 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगाने बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. नसा बधिर झाल्यामुळे काटा टोचला, भाजलं, चप्पल लागली तरी कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि त्यातून पाय जातो, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत ही समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली गेली. ज्याला दुखत नाही तो स्वतःच्या तळपायाकडे बघत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणीतरी, ठरलेल्या दिवशी, न चुकता बघायला हवं. तुमच्या मुलांचं खरं काम हे बघण्याचं. पाण्यामुळे पायाशी बसायला मिळतं.

सुरुवात सहा ते आठ माणसांपासून करा, जास्त नको. प्रत्येकाकडे दोघांनी जायचं, पंधरा दिवसांतून एकदा, आणि बाईकडे जाताना दोघांत एक तरी बाई हवी. आधी फक्त विचारायला जा. येशूचा शिष्य पेत्र यानेही "माझे पाय तुम्ही धुणार?" म्हणून नकार दिला होता, आणि आपल्याकडचे आजी-आजोबाही तसंच म्हणतील, कारण आपल्यात धाकट्याने पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी. नको म्हटलं तर आग्रह करू नका, नुसतं बसून बोला, पुढच्या खेपेला परत विचारा. फोटो काढू नका. प्रार्थना त्यांनी मागितली तरच करा. इतर धर्मांच्या घरी जाल तेव्हा तर हे काटेकोर पाळा. या सेवेला कसलीही अट जोडली की समोरच्याला ती देवाणघेवाण वाटते, आणि त्यात त्याची चूक नसते.

सामान साधं आहे: प्लास्टिकचा टब, मग, सौम्य साबण, प्रत्येकासाठी वेगळा मऊ सुती टॉवेल, टॉर्च, नेलकटर आणि नखांची कानस, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, निर्जंतुक गॉझ, पेपर टेप, हातमोजे, वही. पाण्यात जंतुनाशक घालू नका, त्याने कातडी कोरडी पडून भेगा वाढतात. एकाचं पाणी दुसऱ्याला कधीच वापरायचं नाही. टब दर वेळी साबणाने घासून उन्हात वाळवायचा.

दोन ते तीन लिटर कोमट पाणी पुरतं. ते किती गरम आहे हे तुम्ही आपल्या कोपराने बघायचं, त्यांना पाय बुडवून बघायला सांगायचं नाही. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि सेवा करायला जाऊन भाजलं असं खरंच होऊ शकतं.

इथे मधुमेही आणि कुष्ठरोगातून बरे झालेले यांच्यात एक फरक लक्षात ठेवा. मधुमेहीचे पाय तीन-चार मिनिटांत धुऊन काढायचे, भिजत ठेवायचे नाहीत, कारण कातडी फुगून नाजूक होते. कुष्ठरोगाने ज्यांच्या पायाला घाम येत नाही त्यांची कातडी दगडासारखी कोरडी होते. त्यांचे पाय साध्या पाण्यात सुमारे वीस मिनिटं भिजवावे, घट्ट कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासावी आणि ओल टिकून असतानाच तेल लावावं. दोघांनाही बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि तिथे तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. बहुतेक जण इथेच चुकतात: पाय छान धुतात, वरवर पुसतात, आणि बेचक्यांत चिखली होते.

मग टॉर्च घेऊन तळवा, टाच, बेचक्या आणि नखांचे कोपरे बघा. लालसरपणा, फोड, घट्टा, काळा डाग, ओल, वास यांपैकी काही दिसलं तर वहीत पायाची आकृती काढून तिथे खूण करा आणि तारीख घाला. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय चाचपा. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी बिघडतंय. संवेदना तपासायला यंत्र लागत नाही. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, ठोकू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय बधिर होतोय असं समजून डॉक्टरांना दाखवायला सांगा.

नखं सरळ कापा, कोपऱ्यात शिरू नका. घट्टा ब्लेडने कापू नका आणि भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्या वापरू नका, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. फोड फोडू नका. जखमेवर हळद, तंबाखू किंवा टूथपेस्ट लावलेली आढळेल. त्यासाठी रागावू नका, स्वच्छ कोरडा गॉझ बांधून दवाखान्यात न्या. उघडी जखम असेल तर तो पाय टबात घालायचाच नाही. काळं पडलेलं बोट, दुर्गंधी, ताप किंवा लाल, सुजलेला, गरम पाय दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तो पाय दुखत नसला तरी त्यावर भार देऊन चालू द्यायचं नाही, कारण आतली हाडं ढासळत असू शकतात. सोबत जा, रिक्षा करा, केसपेपर काढून द्या. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आणि नंतर उतारशाळेच्या मालकाला दोन दिनारही दिले. तुमच्या निधीत या भाड्याची तरतूद आधीच असू द्या.

कुष्ठरोगाची भीती मुलांच्या मनातून आधी काढा. बहुविध औषधोपचार (कुष्ठरोगावर अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार) सुरू झाला की संसर्गाचा धोका फार लवकर संपतो, आणि सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण केलेला माणूस बरा झालेला असतो. गेलेली संवेदना मात्र परतेलच असं नाही. हातमोजे जखम असेल तेव्हा घाला, एरवी उघड्या हाताने पाय धरा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला बरं करण्याआधी हात लावतो. तुम्ही अमरावतीच्या बाजूचे असाल तर परतवाड्याजवळ कोठारा इथल्या लेप्रसी मिशनच्या रुग्णालयात दोघा-तिघांना एक दिवस शिकायला पाठवता येईल का, विचारून बघा.

चपलांसाठी थोडे पैसे राखून ठेवा. बधिर पायाला एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल चांगली: आतून मऊ, खालून टणक, मागे पट्टा असलेली, खिळे न मारलेली. घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघायची सवय लावा.

पहिल्या फेरीआधी एका संध्याकाळी मुलांनी एकमेकांचे पाय धुवावेत. पाय धुऊन घेताना किती अवघडायला होतं हे त्यांना तेव्हाच कळेल. आणि प्रार्थनेला बधिर पायाची माणसं सतरंजीवर मांडी घालून तास-दीड तास बसत असतील तर घोट्याच्या बाहेरच्या हाडावर दाब येऊन तिथेच जखम होते, म्हणून त्यांच्यासाठी येत्या रविवारपासून खुर्च्या मांडा.