टायरमधलं जुनं सीलंट: किती काढायचं, किती सोडायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात एकाकडून वापरलेली एमटीबी (कच्च्या-डोंगराळ वाटांची सायकल) घेतली, २९ इंची चाकं, ट्यूबलेस टायर. मागचं हवा धरेना म्हणून उघडलं, तर आत पिवळट सालपटं, रबराचे गोळे आणि तळाशी थोडा पांढरा चिकट द्रव, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात ते सीलंट. पंक्चरवाला म्हणाला, "पेट्रोल मारा की, झटक्यात निघतंय." आता पेट्रोल वापरू, ब्रशने घासू की नवीन टायरच आणू?

पेट्रोल नको. एवढं आधी वाचा आणि बाटली बाजूला ठेवा, बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

हा उद्योग मी करून बसलोय. तीन-चार उन्हाळ्यांपूर्वी गच्चीवर बसून मागच्या टायरला पेट्रोलचा बोळा फिरवला. सीलंट निघालं नाही, फुगलं. उन्हात गूळ पाघळावा तसं होऊन सगळीकडे पसरलं, आणि जे सोलून निघालं असतं ते आता बोटानं फासावं लागलं. वर टायरच्या रबरानंही पेट्रोल प्यायलं. बगलेचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा भाग मऊ पडला, नवीन सीलंट घातलं तरी बगलेतून बुडबुडे येत राहिले. आठवडाभर खोलीत पेट्रोल पंपाचा वास, आणि शेवटी टायर भंगारात. रबर आणि पेट्रोल दोघेही हायड्रोकार्बनच्या कुळातले, त्यामुळे रबर ते शोषून घेतं. रॉकेल आणि थिनरचीही हीच गत, थिनर तर रिमवर स्पोकची भोकं झाकणाऱ्या टेपचा गोंदही सोडवतो.

सायकलचं बहुतेक सीलंट म्हणजे मुळात रबराच्या झाडाचा चीक, म्हणजेच लॅटेक्स. रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते आधीच एकत्र येऊ नयेत म्हणून बऱ्याच सीलंटमध्ये अमोनिया असतो (टायर उघडल्यावर नाकाला झोंबलं असेल ते तेच), लवकर वाळू नये म्हणून ग्लायकोल, आणि भोक बुजवायला बारीक तंतू किंवा कण. पाणी उडालं की रबराचे कण एकमेकांना धरतात आणि पापुद्रा तयार होतो. दह्याचं पुन्हा दूध होत नाही, तसा हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणजे ओलं आहे ते साध्या पाण्यानं निघेल, वाळलेलं आहे ते सोलावंच लागेल. साबण, गरम पाणी, व्हिनेगर, कशानंही ते विरघळत नाही.

पण मुळात सगळं काढायचं कशाला? आतून सगळीकडे एकसारखा पातळ पापुद्रा बसला असेल तर तो राहू द्या. हलक्या टायरच्या बगला पातळ असतात, त्यातली बारीक छिद्रं याच थरानं बुजलेली असतात. तो ओरबाडून काढला तर नवीन सीलंट पुन्हा तीच छिद्रं बुजवण्यात खर्ची पडतं. काढायचं ते जाड थर, सुटे गोळे आणि कड, टेप, वॉल्व्ह यांच्यावर बसलेलं. गोळे तर काढाच, कारण ते आत गडगडतात आणि ताजं सीलंट त्यांच्याच अंगावर चढून वाया जातं. काटेरी गोळ्यांना परदेशातले सायकलवाले गमतीनं स्टॅनिमल म्हणतात, स्टॅन्स या सीलंटवरून. मागच्या खेपेला मी एका टायरमधून निघालेला ऐवज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, ४६ ग्रॅम भरला. काटा परत जागेवर ठेवताना घरात जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

आता कृती. तळाचा ओला द्रव आधी टॉवेलच्या तुकड्यांनी टिपून घ्या. आपल्या गावात सेकंडच्या टॉवेलांना काय तोटा! बाथरूमच्या मोरीत ओतू नका, पाइपच्या वळणात जाऊन ते घट्ट होतं. शिवाय आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते टायर धुण्यात घालवू नका. टिपलेले बोळे रद्दीत गुंडाळून वाळू द्या आणि कचऱ्यात टाका.

मग टायर उलटं करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, गच्चीवर ठेवा. एरवी मी टायर उन्हात ठेवू नका म्हणणाऱ्यांतला आहे, रबर तडकतं. पण उन्हाळ्यातल्या चाळीस-बेचाळीस अंशांत तास-दीड तास बास होतो. उलटं करताना घडी घालता येणारं टायर कुठेही करकचून मोडू नका. कडेत तार असलेलं टायर तर उलटंच करू नका, तार एकदा वाकली की सरळ होत नाही. ते तसंच हातानं फाकवत काम करा.

वाळलं की सावलीत आणून थंड होऊ द्या. गरम असताना सोलायला गेलात तर पापुद्रा ताणतो, तुटतो आणि बोटांना चिकटतो. थंड झाल्यावर जाड थराची एक कड अंगठ्यानं चोळून उचला. शाळेत तळहातावर फेविकॉल वाळवून सोलायचो आपण, अगदी तसंच निघतं, कधी वीतभर लांब पट्टी एकदम. पहिल्या दोन-तीन पट्ट्यांचा गोळा करा आणि तो बाकीच्या थरावर दाबून दाबून फिरवा. रबराला रबर धरतं, गोळा वाढत जातो आणि टायर मोकळं होत जातं. माझ्या माहितीत यापेक्षा चांगलं हत्यार नाही आणि ते फुकट आहे. हट्टी जागी कपडे धुवायचा नायलॉनचा ब्रश चालेल. तारेचा ब्रश, ब्लेड, सुरी बिलकुल नको, टायरच्या आतले धागे तुटतात. घासूनही सुटत नसेल तर त्याला तिथंच राहायचंय असं समजा आणि पुढे सरका. एका टायरला पाऊण तास धरा.

टायर हातात आहे तोवर काटे बघून घ्या. तुमचं टायर हवा का धरत नव्हतं याचं उत्तर बहुतेक इथंच सापडेल. हिप्परग्याच्या तलावाकडे किंवा नान्नजच्या बाजूला सायकल घातली की बाभूळ, चिलारी आणि सराटे ठरलेले. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी कळत नाही. टोक आत मोडून राहतं, सीलंट त्याच्याभोवती बसतं आणि आपण खुशीत फिरतो. सीलंट वाळलं की मग सगळी भोकं एकदम बोलायला लागतात. नुसती बोटं फिरवू नका, रक्त निघेल. कापसाचा बोळा फिरवा, जिथं तंतू अडकतील तिथं काटा. मला गेल्या हिवाळ्यानंतर एका टायरात ११ सापडले. नेलकटरनं किंवा पकडीनं ओढा आणि जागेवर खडूची खूण करा. टाचणीएवढी भोकं नवीन सीलंट बुजवेल. तीन-चार मिलिमीटरचं भोक असेल तर आतून पॅच लावा, आणि तेवढी जागा मात्र पापुद्रा पूर्ण काढून, पॉलिश पेपर मारून, खऱ्या रबरापर्यंत स्वच्छ करा. पॅच पापुद्र्यावर चिकटवला तर पापुद्र्यासकट सुटून येतो.

सगळ्यात जास्त काळजी बीडची. बीड म्हणजे टायरची कड, मराठवाड्यातला जिल्हा नव्हे. तिथं तांदळाच्या दाण्याएवढा गोळा राहिला तरी कड रिमवर नीट बसत नाही, हवा सुटते किंवा चाक लंगडतं. साबणाचं ओलं फडकं, जुना टूथब्रश आणि नख. रिमची कडही तशीच पुसा, बरेच जण टायर चकाचक करतात आणि रिम विसरतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर पांढरी पूड किंवा खड्डे दिसले तर धातू गंजायला लागलाय, फोटो टाका.

टेप बघा. टेपच्या खाली किंवा स्पोकच्या भोकांत सीलंट दिसलं तर ती बदलायचीच, वरून डागडुजी करण्यात अर्थ नाही. जुनी काढल्यावर रिम मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हातावरचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्यावर टेप धरत नाही. नवी टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद घ्या.

वॉल्व्हचा कोर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून सुईनं साफ करा. नाही झाला तर नवीन टाका, फार पैसे लागत नाहीत.

परत बसवताना साध्या उभ्या पंपानं कड चढली नाही तर घाबरू नका. आधी ट्यूब घालून हवा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी एकच बाजू सोडवून ट्यूब काढा आणि ट्यूबलेस वॉल्व्ह लावा. आता एकच कड बसवायची राहते, साबणाचं पाणी लावलं की बहुतेक वेळा पंपावरच "टक्" करून बसते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचा असेल तर प्रेस्टा वॉल्व्हचा (सायकलच्या बारीक वॉल्व्हचा) ॲडॅप्टर न्या आणि हवा सोडायचं बटण स्वतःच्या हातात घ्या. टायरच्या बगलेवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो, दोन्हींतला जो कमी तो खरा. मी एकदा बघत उभा राहिलो आणि दुकानातल्या पोरानं मोटरसायकलला भरावी तशी हवा सोडली. कड उडाली आणि माझा शर्ट ताक सांडल्यासारखा झाला. ओलं होतं तोवर थंड पाण्यानं धुवायला हवं होतं, मी घरी येईपर्यंत थांबलो. तो शर्ट आता सायकल पुसायलाच आहे.

त्याच दुकानात मोटरसायकलसाठी जाड हिरवं सीलंट मिळतं. ते घालू नका. ते जाड टायरसाठी असतं, सायकलच्या वॉल्व्हमध्ये त्याचे तंतू अडकतात आणि लॅटेक्समध्ये मिसळलं तर काय होईल याचा नेम नाही.

२.२ ते २.४ इंची टायरला साधारण १०० ते १२० मिली लागतं. ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्याच्या सायकलच्या ४० मिमीला ६०च्या आसपास, रोड सायकलच्या २८ मिमीला ३० ते ४०. बाटली आधी जोरात हलवा, कामाचे कण तळाशी बसलेले असतात. टिकण्याचं म्हणाल तर बाटलीवरच्या महिन्यांवर जाऊ नका, तो हिशोब थंड हवेचा. आपल्याकडे फेब्रुवारी ते जून मी दर सहा-सात आठवड्यांनी बघतो: वॉल्व्ह खाली ठेवून चाक पाच मिनिटं स्थिर, हवा सोडून कोर काढायचा, बारीक केबल टाय आत घालून बाहेर काढायचा. टोक ओलं आलं तर ठीक, कोरडं आलं तर ५०-६० मिली वाढवायचं. हवा भरताना मात्र वॉल्व्ह खाली नको, घड्याळात चार वाजल्याच्या जागी ठेवा, नाहीतर तोच तुंबतो. सायकल पत्र्याच्या शेडखाली ठेवत असाल तर आधी ती जागा बदला. आणि हवा भरायची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) छोटी नळकांडी वाटेतल्या अडचणीपुरतीच, त्या वायूनं काही लॅटेक्स सीलंट फाटतात.

नवीन टायर आणायची घाई करू नका. बगलेला चिरा नसतील आणि धागे दिसत नसतील तर हेच टायर अजून चालेल. जुन्या मालकाला एक फोन करून कुठलं सीलंट घातलं होतं तेवढं विचारा. पुढच्या टायरात बहुतेक तेच असणार, आणि त्यात नुसतं वाढवायचं की तेही उघडायचं हे त्यावरूनच सांगता येईल.