जुन्या एमजीबीचं ब्रेक पेडल खाली जातंय, पंप केलं की वर येतं. मास्टर सिलिंडर बदलू का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: १९६६ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), साताऱ्यात असते. ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल निम्म्याच्या खाली जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. मागच्या महिन्यात यवतेश्वरचा घाट उतरताना खालच्या वळणावर पेडल पार तळाला गेलं, हँडब्रेकवर कशीबशी गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पेडल पुन्हा पहिल्यासारखं. मेस्त्री म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) गेलाय, इंग्लंडहून मागवा.

मागवू नका. निदान या आठवड्यात तरी नको. मीही तसाच मागवला होता. नवाकोरा मास्टर सिलिंडर बसवूनही पेडल तसंच मऊ, आणि दोष निघाला भलतीकडेच. ते पुढे सांगतो.

त्याआधी एक. गाडी हलवू नका. तुमच्या सालच्या एमजीबीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाड्यांसारखे दोन वेगळे भाग नाहीत, की एक गेला तरी दुसरा धरेल. चारपैकी कुठल्याही एका चाकाशी ऑइल गळालं की चारही चाकांचा ब्रेक जातो. मग उरतो फक्त हँडब्रेक, कारण तो केबलवर चालतो. त्या दिवशी तुम्हाला त्यानेच वाचवलं.

मी मेस्त्री नाही. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलं, गाडी हा नाद. माझी १९६४ ची आहे, भंगाराच्या भावात घेतलेली. त्यामुळे जे सांगतो ते स्वतःचे हात काळे करून शिकलेलं आहे.

पेडल मऊ लागतंय म्हणजे ब्रेक खराब, एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर आधी कुठे, कधी, कसं ते विचारतो, तसं पेडलला विचारायचं. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद. पंप करून पेडल वर आणा आणि मग पाय तसाच दाबून धरा. पायाखाली दगडासारखं घट्ट लागतंय, की वर आलं तरी रबरी चेंडूसारखं दबतंय? दगडासारखं असेल तर हवा नाही. चाकाशी कुठेतरी गॅप जास्त आहे आणि तो भरायला पहिला दाब वाया जातोय. चेंडूसारखं असेल तर हवा आहे. आता तसंच एक मिनिटभर धरून ठेवा, एकदा जोरात आणि एकदा अगदी हलक्या पायाने. सावकाश खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मेस्त्रींचं बरोबर, मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत ऑइल सोडतंय. हलक्या पायाची चाचणी मुद्दाम सांगतोय. झिजलेलं रबर जोरात दाबल्यावर फुगून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटतं आणि शहाण्यासारखं वागतं, हलक्या दाबाला मात्र उघडं पडतं.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो, म्हणजे गॅप. एमजीबीला पुढे डिस्क आहेत, त्या आपोआप ॲडजस्ट होतात. मागचे १० इंची ड्रम होत नाहीत, ते हाताने करावे लागतात आणि हेच काम कोणी करत नाही. कारण सोपं आहे: ॲडजस्टर ड्रमच्या मागच्या प्लेटवर आहे, चौकोनी डोक्याचा, चिखलात बरबटलेला. ज्याला माहीत नाही त्याला तो दिसतही नाही.

खात्री करायची असेल तर हँडब्रेक ओढून पेडल दाबून बघा. हँडब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला पेडल वर लागलं, तर मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) लांब गेलेत हे नक्की. मग पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा. केबल ताणलेली असेल तर आधी ती ढिली करा, नाहीतर शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि सगळी ॲडजस्टमेंट फसवी होते. चौकोनी डोकं घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत जा, चाक जाम होईपर्यंत. मग एक खट मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे, थोडी घासल्यासारखी कुरकुर चालेल. मध्ये एकदा पेडल जोरात दाबून शू जागेवर बसवा आणि पुन्हा तपासा. साधा पाना किंवा पकड लावू नका, चौकोनाचे कोपरे झिजले की पुढच्या वेळी रडाल. चौकोनी ॲडजस्टर पाना मिळतो, नाही मिळाला तर लेथवाल्याकडून करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

ड्रम काढलेच असतील तर व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबरी टोप्या बोटाने जरा उचलून बघा. आत ओलसर असेल तर सिलिंडर गेला. बोअरला गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर घालून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा गळणार. आणि आपल्याकडची एक खोड: सुटलेला प्रत्येक पार्ट रॉकेलच्या डब्यात. ब्रेकचं रबर रॉकेल, डिझेल, पेट्रोल यातलं काहीच सहन करत नाही, फुगतं आणि पिळवटतं. ते फक्त ताज्या ब्रेक ऑइलने पुसायचं. इंजिन ऑइलचा एक थेंबही नको.

आता घाटाचं. पेडल तळाला जाणं आणि दुसऱ्या दिवशी बरं होणं, यात मास्टर सिलिंडरचा हात असेल असं मला वाटत नाही. रबर रात्रीत बरं होत नाही. ब्रेक ऑइल उकळलं होतं. साधं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. आणि सातारचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! ऑइलचं झाकण घट्ट असलं तरी होजच्या रबरातून ओल आत शिरते. घाटात डिस्क तापली, कॅलिपरमधलं (डिस्कला चिमट्यासारखं धरणारा भाग) ऑइल उकळलं, वाफ झाली. द्रव दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय सरळ तळाला. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल साळसूद. ते ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? उत्तर आठवत नसेल तर तेच उत्तर समजा. दर दोन वर्षांनी बदलायचं, तुमच्याकडच्या पावसात मी तर दर दिवाळीत बदलेन.

(यवतेश्वर उतरताना गाडी न्यूट्रलला टाकत असाल तर तेही बंद करा. पेट्रोल वाचतं म्हणून सगळेच करतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.)

बाटली घेताना डॉट ४ घ्या. डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल वेगळ्या जातीचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल जांभळट दिसलं तर आधीच्या मालकाने ते घातलेलं असू शकतं. तसं असेल तर आधी इथे विचारा. आणि डॉट ४ रंगाचा वैरी आहे. सांडलं की लगेच पाणी ओता, फडक्याने पुसत बसू नका.

आता माझी गोष्ट, कारण हवा काढताना तुम्हीही याच खड्ड्यात पडू शकता.

२०१९ च्या महापुरात माझी गाडी सांगलीच्या गावभागात होती. कृष्णेचं पाणी उतरलं तेव्हा सीटवर बोटभर गाळ आणि ड्रममध्ये नुसता चिखल. घर सावरायचं होतं, म्हणून ब्रेकचं काम एका गॅरेजला दिलं. गाडी परत आली ती चेंडूसारखं पेडल घेऊन. हवा काढली. पुन्हा काढली. बायको सीटवर बसून पेडल दाबणार आणि मी खाली चाकाशी आडवा. "दाब." "दाबलं." "धर." "अहो, धरलंय कधीचं!" निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडला की नळीतून ऑइल येणार, बुडबुडे येणार, मग बुडबुडे बंद होणार, आणि पेडल तसंच. तीन लिटर ऑइल संपलं. मास्टर सिलिंडर मागवला, कस्टम भरलं, बसवला. तसंच. रात्रभर सीट आणि पेडलमध्ये लाकूड अडकवून ठेवायचा जुना उपाय केला, त्याने सकाळपुरतं बरं वाटलं.

चार महिन्यांनी शेजारचा मुलगा आला, बुलेटवाला, स्वतःच्या गाडीच्या डिस्कचं काम स्वतः करतो. पुढचं चाक काढलेलंच होतं. तो वाकून बघत म्हणाला, "काका, याचा निपल खाली कशाला ठेवलाय?"

मी बघतच राहिलो. एमजीबीचे पुढचे कॅलिपर डाव्या-उजव्या हाताचे वेगळे असतात. नीट बसवले की हवेचा निपल वर येतो. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला तरी बोल्ट बरोबर लागतात, पॅड बरोबर बसतात, सगळं छान दिसतं. फक्त निपल तळाशी जातो. विष्णू घाटावर लहानपणी पालथा तांब्या पाण्यात दाबला असेल तर आठवा, आतली हवा कुठे जाते का? कॅलिपरच्या वरच्या भागात बुडबुडा बसलेला, आणि मी खालून ऑइल काढतोय. लेथवर तीस वर्षं, आणि हे दिसलं नाही. कॅलिपर अदलाबदल केले, हवा काढली, एका तासात पेडल दगड झालं. तो महागाचा मास्टर सिलिंडर अजून गाडीतच आहे, जुना कपाटात. जुन्यात काही दोष नव्हता.

तुमच्या गाडीचं पुढचं काम अलीकडे कोणी केलं असेल तर हे सगळ्यात आधी बघा. त्याच वेळी पुढचं चाक वर-खाली धरून हलवा. खटखटत असेल तर बेअरिंगचा खेळ जास्त आहे. या हबमध्ये बेअरिंगच्या मध्ये पातळ शिम (चकत्या) असतात, खेळ २ ते ४ थाउ (इंचाचा हजारावा भाग) राहील अशा मापाने बसवायच्या. "या कशाला?" म्हणून त्या काढून टाकलेल्या मी पाहिल्यात. खेळ वाढला की वळणावर डिस्क डुलते, पॅड मागे ढकलते आणि पुढचा पहिला दाब वाया जातो. घाटातल्या वळणांवर जास्त जाणवत असेल तर याचा संशय धरा.

हवा काढायची वेळ आली तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला डावं मागचं, मग उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. मागचे शू आधी ॲडजस्ट केलेले हवेत. टाकीतलं ऑइल खाली जाऊ देऊ नका, एकदा हवा ओढली की पहिल्यापासून सुरू. इंची पाने वापरा. मिलिमीटरचा पाना निपलचे कोपरे खातो.

इतकं करूनही पेडल चेंडूसारखंच राहिलं तर हवा कुठल्या टोकाला आहे ते शोधायची युक्ती आहे. या गाडीला रबरी होज तीनच, पुढे दोन आणि मागच्या एक्सलला एक. गोल जबड्याच्या क्लँपने तिन्ही हलकेच बंद करा. पेडल दगड झालं तर मास्टर सिलिंडर निर्दोष. मग एकेक सोडत जा, ज्याला सोडल्यावर पेडल मऊ होईल त्या चाकाकडे दोष. होज तडकलेले असतील तर चिमटू नका, तिन्ही नवेच टाका. वयाने गेलेला होज आतून सुजतो आणि ब्रेक दाबल्यावर धरून ठेवतो, ती आणखी वेगळी डोकेदुखी.

मास्टर सिलिंडरवर शिक्का मारण्याआधी शेवटचं: पेडलच्या दांड्यावरून वरपर्यंत बोट फिरवा, पेडल बॉक्समध्ये टॉर्च मारा. बुळबुळीत ओल असेल, रंगाला फोड आले असतील, तर मात्र मेस्त्रींचं खरं. तेव्हाही आधी फक्त रबर किट. बोअर पाऊण इंची आहे, कुठल्या तरी १९ मिलिमीटरच्या गाडीचं किट "बसतंय की" म्हणून घालू देऊ नका.

सगळं झालं की रविवारी सकाळी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगाने सुरुवात करा. यवतेश्वर त्यानंतर, आणि तेही पहिल्या वळणापर्यंतच. तोवर आज संध्याकाळी पुढची दोन्ही चाकं काढून कॅलिपरचा फोटो टाका. निपल वर आहे की खाली, तेवढं आधी कळू दे.