स्वस्त टर्नटेबल घेताना पैसे कुठे घालावेत?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या बऱ्याच रेकॉर्ड्स आमच्याकडे आहेत. बहुतेक एलपी आहेत. काही मात्र जाड, जड आणि ठिसूळ आहेत. पूर्वीचे यंत्र आता उरलेले नाही आणि फार खर्च करणे शक्य नाही. स्पीकरसकट मिळणारे, सूटकेससारखे मिटणारे प्लेअर परवडतात. पण त्यांनी रेकॉर्ड खराब होतात असे ऐकले. काय घ्यावे?

उत्तर : यंत्र पाहण्याआधी आपला संग्रह नीट वेगळा करून घ्यावा, कारण निवड त्यावरच ठरते. त्या जाड, ठिसूळ तबकड्या बहुधा लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या असाव्यात. लेबलावर वेग छापलेला असल्यास तो पाहावा. एलपी १९४८ साली आली, ती व्हिनाइल या प्लास्टिकची आणि ३३ १/३ फेऱ्यांची. दोन्हींमध्ये फरक केवळ वेगाचा नाही. लाखेच्या तबकडीची खाच बरीच रुंद असते आणि तिच्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर एलपीच्या साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते. एलपीची बारीक सुई रुंद खाचेत ठेवली की ती थेट तळाशी जाऊन साचलेल्या धुळीतून फिरते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट, ७८ची जाड सुई एलपीवर ठेवल्यास खाचेच्या भिंतींना कायमची इजा होते. म्हणून ‘तिन्ही वेग (३३ १/३, ४५ आणि ७८) आहेत’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये. सुई बदलता येते का, हे विचारावे.

सूटकेससारख्या प्लेअरबद्दल आपण ऐकले त्यात तथ्य आहे. त्यांपैकी बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग) असते आणि त्याचा रेकॉर्डवरील भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकावर चालणाऱ्या, कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. एकदा ऐकल्याने रेकॉर्ड वाया जाते असे मुळीच नाही. परंतु जास्त भार, हलक्या प्रतीची सुई आणि त्याच डब्यात बसवलेल्या स्पीकरची थरथर या गोष्टी एकत्र आल्या की आवाजही बिघडतो आणि खाचाही झिजतात. हा बिघाड सर्वांत आधी रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात जाणवतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढ्याच संगीताला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ फाटल्यासारखा वाजू लागतो. वडिलांच्या रेकॉर्ड्स पुन्हा मिळणाऱ्या नसतील, तर हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादित पैसे सुई, कार्ट्रिज आणि ती पेलणारा टोनआर्म (दांडा) यांवर खर्च करावेत; ब्लूटूथ, लाकडी नक्षी किंवा दिव्यांवर नाही. केवळ एलपी आणि ४५च्या छोट्या रेकॉर्ड्स ऐकायच्या असतील, तर ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी६०एक्ससारखे पट्ट्यावर चालणारे, पूर्ण स्वयंचलित यंत्र नवख्या माणसाला पुरेसे आहे. त्याचा भार ठरलेला असतो आणि सुई बदलता येते. त्यावर ७८चा वेग मात्र नाही. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या असल्यास थोडे थांबून, आणखी पैसे साठवून एटी-एलपी१२०एक्सच्या वर्गातील यंत्र घेणे अधिक योग्य ठरेल. त्यात तिन्ही वेग आहेत आणि टोनआर्मच्या मागच्या वजनाने भार कमी-जास्त करता येतो. सोबतच्या कार्ट्रिजची एलपीची सुई काढून त्याच मालिकेतील ७८ची सुई लावता येते. तिला पाच ग्रॅमच्या आसपास भार लागतो, म्हणून सुई बदलली की भारही बदलायचा. वजन मागेपुढे फिरवत टोनआर्म हवेत आडवा, तरंगता राहिला की वजनावरचा आकडा शून्यावर आणावा आणि मग शिफारशीइतका भार द्यावा. ही जुळवणी शांतपणे करावी, कारण सुईच्या आणि रेकॉर्डच्या आयुष्यावर तिचा थेट परिणाम होतो.

अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ असे लिहिलेली जोडणी नसेल, तर यंत्रात फोनो प्रीअॅम्प, म्हणजे कार्ट्रिजचा संकेत वाढवणारा भाग, आहे ना, ते पाहावे (वरील दोन्हींत तो आहे). कार्ट्रिजमधून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात, ते पूर्ववत करण्याचे काम हाच भाग करतो. तो नसल्यास आवाज अगदी क्षीण आणि पोकळ येतो.

लाखेच्या तबकड्या अल्कोहोलने कधीही पुसू नयेत. लाख त्यात विरघळते.

प्रश्न : त्याच पैशात जुने, वापरलेले यंत्र घ्यावे का?

उत्तर : चालते पाहूनच घेणार असाल, तर अवश्य घ्यावे. एखादी ओळखीची रेकॉर्ड सोबत न्यावी, लांबवलेला स्वर डगमगतो का ते ऐकावे आणि टोनआर्म बोटाने हळूच सरकवून तो कुठे अडकत नाही ना, हे पाहावे. ताणलेला रबरी पट्टा बदलणे सोपे असते. वाकलेला टोनआर्म मात्र सहसा सुधारत नाही. सुई कशीही दिसली तरी ती झिजलेली आहे असेच धरावे, आणि त्या कार्ट्रिजची नवी सुई आज मिळते याची खात्री झाल्यावरच व्यवहार करावा.