वडिलांना अडीच महिन्यांपासून जुलाब होत आहेत, कारण कसे शोधावे?

आपल्या एकोणसत्तर वर्षांच्या वडिलांना मधुमेह आहे, अडीच महिन्यांपासून दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होते आणि प्रतिजैविकांचे तीन कोर्स होऊनही गुण नाही, असे आपण बीड जिल्ह्यातून लिहिले आहे. मी लातूरला फिजिशियन आहे. चार आठवड्यांहून अधिक चाललेले जुलाब बहुधा साध्या जंतुसंसर्गाचे नसतात, म्हणून चौथा कोर्स सुरू करण्याआधी वडिलांची औषधांची पिशवी रिकामी करून प्रत्येक गोळी कधी सुरू झाली आणि तिचा डोस कधी वाढला हे कागदावर लिहून काढावे, असा माझा आग्रह आहे.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे विनातक्रार घेतल्यानंतरही तिच्यामुळे जुलाब सुरू होऊ शकतात, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. पित्तावरची मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधे, पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी, गुडघेदुखीच्या गोळ्या आणि पोट साफ होण्यासाठी रात्री घेतलेले चूर्ण (वडीलधारी माणसे त्याला औषध समजतच नाहीत) हेही त्या कागदावर यावे. मात्र कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

रात्री झोपेतून उठून जावे लागते का, वजन उतरले आहे का, रक्त पडते का, संध्याकाळी ताप येतो का, हे वडिलांना संकोच न करता विचारा. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर आतड्याचा कर्करोग आणि आपल्याकडे अजूनही आढळणारा आतड्याचा क्षयरोग यांचा शोध लांबवू नये. हिंडणे-फिरणे कमी झालेल्या वृद्धांमध्ये कधी कधी घट्ट मळाचा खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. अशा वेळी जुलाब थांबवणाऱ्या गोळीने त्रास वाढतो, म्हणून डॉक्टरांनी गुदद्वाराची बोटाने तपासणी करणे आवश्यक आहे.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि शौचाची तपासणी आधी करून घ्यावी. त्यातून उलगडा झाला नाही, तर कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करावी, आणि आतडे वरून निरोगी दिसले तरी तुकडा तपासणीला पाठवण्याची विनंती करावी, कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिस हा वृद्धांमधील मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा आपल्याला जवळचे अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाताना तो कागद आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

तोवर ओआरएस देत राहा, साखर वाढेल या भीतीने ते टाळू नका. लघवी कमी झाली, उठताना चक्कर आली किंवा गुंगी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण शरीरातील पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण आला की मेटफॉर्मिनही धोक्याचे ठरते.